काकूंची उपसूचना

बटणावरचा तो पातळ पापुद्रा — नवीन वस्तू घरी आणली की तिच्यावर चिकटवलेला असतो तसला, प्लास्टिकचा — एका कोपऱ्यात जरासा सुटला होता, आणि सभा सुरू झाल्यापासून काकूंचं नख त्या कोपऱ्याशी चाळा करत होतं. सोलायचा नाही, नुसता उचलायचा आणि पुन्हा दाबून बसवायचा. सभागृहातल्या बाकी सगळ्या माइकांची बटणं बोटं लागून लागून गुळगुळीत झाली होती. समोरच्या बाकावरच्या वकीलसाहेबांच्या बटणाचा तर रंगच उडाला होता. काकूंचं मात्र नवंकोरं. आणि गंमत म्हणजे, हे माइक घ्यायचे ठरले तेव्हा त्या ठरावाला अनुमोदन कुणी दिलं होतं? काकूंनीच, आणि तेही माइक न लावता, कारण एका शब्दासाठी माइक लावायचा म्हणजे चमचाभर दुधासाठी म्हैस पाळायची गत.

"विषय क्रमांक एक," सचिव वाचत होते, "मागील सभेचा वृत्तांत कायम करणे."

कुणीतरी "कायम करावा" म्हणालं आणि काकूंचा उजवा हात वर गेला. "अनुमोदन."

हात गेला असंच म्हणायला हवं. काकूंनी तो नेला नव्हता. इतक्या वर्षांत तो आपला आपण जायला शिकला होता, जसे काही बैल मालक झोपला तरी गाडी घरी आणतात. सभागृहाचा नियम साधा होता: कुणी काहीही मांडलं तर त्याला आणखी एका सदस्याने अनुमोदन द्यावं लागतं, नाहीतर ती सूचना, मग ती कितीका शहाणपणाची असेना, तिथल्या तिथे गळून पडते. मांडणारे उदंड होते. वर्तमानपत्रात नाव सूचकाचं छापून येतं, अनुमोदकाचं नाही, त्यामुळे सूचक व्हायला रांग आणि अनुमोदक व्हायला सगळे नखं बघत बसलेले. त्या रिकाम्या जागेत काकू जाऊन बसल्या होत्या. सगळे त्यांना 'अनुमोदन काकू' म्हणत, तोंडावरसुद्धा, आणि काकूंना याचं कधी वाईट वाटलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर ऐकणाऱ्याला वाटायचं, बिचारी दबलेली बाई. दबलेल्या वगैरे काही नव्हत्या. घरी येऊन बघा म्हणावं.

सुरुवात कशी झाली… पहिलीच सभा होती. काकूंना खुर्ची कशी पुढे ओढायची तेही कळत नव्हतं, आणि एक म्हातारे सदस्य हातात कागद घेऊन उभे राहिले होते. बसस्थानकावर पिण्याच्या पाण्याचा नळ हवा, एवढंच त्यांचं म्हणणं. बोलून झालं. अध्यक्षांनी विचारलं, अनुमोदन? आणि कुणीच काही बोललं नाही. ते उभे. कागद थोडा हलत होता. त्यांनी उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं — घरचे सगळे पुढे निघून गेले आणि आपण मागे राहिलो, हे नुकतंच कळलेल्या माणसाचा चेहरा. काकूंचा हात वर गेला. शब्द नेमका काय म्हणायचा असतो तेही ठाऊक नव्हतं. शेजारच्याने कानात सांगितला. तो नळ अजून आहे. थेंब थेंब गळतो, पण आहे.

मग काय, लागली सवय. माणूस उभा आहे आणि त्याच्यामागे कोणी नाही, हे काकूंना बघवतच नसे. मग तो पक्षातला असो की विरोधातला, त्याचं म्हणणं पटलेलं असो की अर्धवट. अर्धं शहर असं त्यांच्या हातून पार पडलं होतं. बाजारातली बायकांची स्वच्छतागृहं, पाण्याची उंच टाकी, पुलावरचे दिवे, पोहण्याचा तलाव. रस्त्याने जाताना त्या या सगळ्याकडे, आपण जमवलेल्या लग्नातली जोडपी संसार करताना बघावीत, तशा बघायच्या. काही जोडपी भांडतही होती, पण ते चालायचंच.

"विषय क्रमांक दोन…"

पण आज सातवा विषय होता.

विषयपत्रिका गेल्या आठवड्यात घरी आली तेव्हा काकू ती नेहमीसारखी उभ्या उभ्या चाळत होत्या, एक डोळा गॅसवरच्या दुधावर. सातव्यापाशी डोळा अडकला आणि दूध उतू गेलं. 'बाजारचौकातील वापरात नसलेला वजनकाटा काढून टाकून तेथे वाहनतळ करणे.' वापरात नसलेला. खरंच होतं ते. तो काटा वापरात असल्याचं आता काकूंशिवाय कुणाच्या आठवणीतही नसेल.

खात्रीचा काटा म्हणायचे त्याला. पत्र्याच्या छपराखाली, चौकाच्या मधोमध, आडवी पितळी दांडी आणि घमेल्याएवढं लोखंडी पारडं. बाजारात काहीही विकत घ्या, आणि शंका आली तर इथे येऊन पुन्हा तोलून बघा, फुकट. पालिकेचा माणूस बसलेला असायचा. तो माणूस म्हणजे काकूंचे वडील.

बाबा कुणाला 'फसवलं' असं कधी म्हणाले नाहीत. पाव किलो कमी भरलं तरी म्हणायचे, "थोडं राहिलं वाटतं तिकडेच. घेऊन या जा." आणि गिऱ्हाईक परत गेलं की विकणारा, बाबांकडे न बघता, मूठभर जास्तच टाकायचा. दुपारी बाजार थंडावला की बायका तान्ही पोरं घेऊन यायच्या. बाबा पारड्यात दुपटं अंथरायचे, आधी दुपट्याचं वजन करून घ्यायचे, मग त्यावर पोर. लहानगी काकू शेजारी स्टुलावर बसून हे सगळं बघायची… पोर हातपाय झाडायचं, दांडी वरखाली व्हायची, आई विचारायची, किती, किती हो? आणि बाबा तळहात आडवा धरायचे. "थांबा. त्याचं तो ठरवतोय." काटा स्थिर होईपर्यंत तिथे कुणी बोलायचं नाही, असा बाबांचा शिरस्ता होता. भाजीवाल्याने नाही, गिऱ्हाइकाने नाही, फौजदार आला तरी त्याने नाही. एवढ्या गजबजलेल्या बाजारात ती एवढीशी जागा गप्प असायची.

"विषय क्रमांक चार. नव्या पुलाच्या नामकरणाचा विषय पुढील सभेपर्यंत…"

"अध्यक्ष महोदय," वकीलसाहेबांचा दिवा पेटला होता, "हा पूल नाव मिळेपर्यंत पडेल."

नगराध्यक्ष पेशाने दातांचे डॉक्टर. आयुष्यभर लोकांना तोंड उघडायला लावलं, आणि आता रोज तोंडं मिटायला लावण्यात दिवस जात होते. "साहेब, बसा. दुखलं तर हात वर करा," ते म्हणाले, सभागृह हसलं, आणि काकूही हसल्या. कुणीतरी पुढे ढकलण्याची सूचना मांडली, काकूंचा हात वर गेला. अनुमोदन. उजव्या काखेत कापड कुठेही ओढलं गेलं नाही.

ओढलं जाणारच नव्हतं. काकूंचे सभेचे कपडे त्यांच्या नवऱ्याच्या हातचे, आणि तो शिंपी. डावी बाही मापात, उजवी अर्धा इंच सैल. 'सरकारी हात,' असं तो त्या बाहीला म्हणायचा. आज सकाळीही तो यंत्रावर बसला होता, ओठांत टाचण्या धरून, आणि काकू त्याच्यामागे येरझाऱ्या घालत होत्या.

"अहो, सातव्याला मी हात वर करणार नाहीये."

"मग आधी सांगायचंस," टाचण्यांमधून तो म्हणाला. "काख शिवून टाकली असती."

"चेष्टा नको."

"चेष्टा कसली. तू नाही केलास तर दुसरा करेल. काटा काही तुझ्या हाताने उभा नाही."

हे खरं होतं, आणि म्हणूनच त्याचा राग आला. काकू खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. "मग मी करू काय?"

त्याने टाचण्या एकेक करून काढल्या, टाचण्यांच्या उशीत टोचल्या. एवढं करायचा म्हणजे मामला गंभीर असायचा. "बोल," तो म्हणाला. "घरात बोलतेस तसं. म्हणजे… त्याच्या निम्मं पुरे."

बोल म्हणे. बोलायचं काय? येताना मुद्दाम बाजारातून आल्या त्या, काट्यासमोर उभ्या राहिल्या. दांडी काळवंडलेली, पारड्याला गंज, त्यात एक मांजर आणि तिची पिल्लं, खांबावर शिकवणीची जाहिरात. कोपऱ्यावरची भाजीवाली म्हणाली, "काकू, ते लोखंड हलवा बाई एकदाचं. त्या छपराखाली माझ्या गाडीला जरा सावली मिळेल." म्हणजे जिच्यासाठी भांडायचं तीच पलीकडच्या बाजूला. त्यातून वाहनतळ हवाच होता, हे काकूंनाही कबूल. गेल्याच महिन्यात डॉक्टरांकडे जाताना गाडी लावायला जागा मिळेना तेव्हा त्यांनी स्वतःच पालिकेला शिव्या घातल्या होत्या आणि मग आठवलं होतं, पालिका म्हणजे आपणच की. 'ऐतिहासिक वारसा' असा एक शब्द होता हाताशी, सगळे वापरतात तो, पण तो काकूंच्या घशाखाली उतरेना. बाबांना कुणी वारसा म्हटलं असतं तर कोण आलं म्हणून त्यांनी मागे वळून बघितलं असतं.

खरं कारण एवढंच की तो काटा तिथे नसेल, हे मला सहन होणार नाही. हे काय सभागृहात सांगायचं कारण झालं?

आणि आत शिरताना दारातच गटनेते भेटले. बसगाड्यांचा धंदा असलेले, मनाने मोकळे, काकूंना आईसारखं मानणारे. "काकू, सातवा मी मांडतोय. तुम्ही आहातच."

"आहे ना भाऊ," काकू म्हणाल्या होत्या. तोंडातून गेलं. जीभही हातासारखीच, शिकलेली.

"विषय क्रमांक सहा. पोहण्याच्या तलावाची गळती थांबवणे." तलावाचं पाणी शेजारच्या शाळेच्या तळघरात निघालं होतं आणि मुलांनी तिथे पोहायला सुरुवात केली होती. अनुमोदन. यावर चर्चा लांबली, आणि ती संपूच नये असं काकूंना वाटत होतं. त्यांनी उजवा हात मांडीखाली घेतला आणि त्यावर चक्क बसल्या. छातीत धडधडत होतं. या वयाला, या खुर्चीत, वर्गात कविता म्हणायला उभं करणार म्हणून लपणाऱ्या पोरीसारखं धडधडणं म्हणजे कमालच. काकूंचं त्यांनाच हसू आलं, आणि धडधड तशीच राहिली.

"विषय क्रमांक सात."

गटनेते उठले, थोडक्यात बोलले, चांगलं बोलले. बाजारात येणाऱ्यांचे हाल, उभ्या आडव्या गाड्या, मधोमध पडून असलेलं लोखंड. "तरी वाहनतळ करण्यात यावा अशी मी सूचना मांडतो." आणि थांबले. कुणी काकूंकडे बघितलंही नाही. कशाला बघतील? दिवस उजाडला की नाही हे कुणी उठून बघतं का? सचिवांची लेखणी तर काकूंचं नाव लिहायला सुरुवातसुद्धा करत होती.

हात मांडीखाली वळवळला. काकूंनी आणखी भार दिला.

शांतता लांबली. लेखणी थांबली, सचिवांनी मान वर केली. कुणीतरी खोकलं. गटनेत्यांनी वळून बघितलं. "काकू?"

आणि तोच चेहरा. तो बसस्थानकाच्या नळवाल्या म्हाताऱ्यांचा चेहरा, इथे या धट्ट्याकट्ट्या बसवाल्याच्या तोंडावर, तस्साच. काकूंना भडभडून आलं. काट्यासाठी कंबर कसून आले खरी, पण हे… हे कसं बघायचं? एक शब्द. एक शब्द टाकला की त्याचं तोंड खुलेल, आणि बाबा काय, बाबा समजून घेतील, ते कुणावर कधी रागावले आहेत?

हात निम्मा बाहेर आला होता, तेवढ्यात मागच्या रांगेतून हॉटेलवाले सदस्य, बहुधा डुलकीतून जागे होत, म्हणाले, "माझं अनुमोदन."

सुटले बिचारे. गटनेत्यांचा चेहरा मोकळा झाला, आणि त्याहून जास्त काकूंचा. "काकू, रजा टाकली का आज?" कुणीतरी विचारलं. हशा. अध्यक्ष म्हणाले, "सूचना आली, अनुमोदन आलं. कुणाला काही म्हणायचं नसेल तर मताला टाकू या."

काकूंच्या नखाने तो पापुद्रा एका झटक्यात सोलला. एवढा चिवट वाटत होता, आणि साधा निघून आला. बोट बटणावर टेकलं. माइकच्या गळ्याशी एक लाल दिवा पेटला — इतका लाल की तो आपलाच आहे हे समजायला त्यांना एक क्षण लागला.

वकीलसाहेबांनी चष्मा लावला. काकू उभ्या राहिल्या.

"मला… उपसूचना आहे," त्या म्हणाल्या, आणि स्वतःचाच आवाज चारही भिंतींतून परत आलेला ऐकून दचकल्या. केवढा मोठा आवाज आपला. "गाड्यांना जागा हवीच, भाऊंचं काही चुकीचं नाही. पण काटा आहे तिथेच ठेवावा. दोन गाड्या कमी लागतील, एवढंच. त्याचा गंज काढावा, तो चालू करावा, आणि ज्याला वाटेल त्याने येऊन तोलून बघावं. पूर्वीसारखं. फुकट."

"काकू, आता कोण येणार हो?" वकीलसाहेब म्हणाले, पण आवाजात धार नव्हती, कुतूहलच होतं. "घरोघरी काटे आहेत."

"माझ्याही घरी आहे," काकू म्हणाल्या. "न्हाणीघराबाहेर. मला दुःख होऊ नये म्हणून आमच्या ह्यांनी तो दोन किलो मागे फिरवून ठेवलाय. मला वाटतं, मला माहीत नाही असं त्यांना वाटतं." सभागृह खळखळून हसलं, आणि त्या हसण्यावर पाय ठेवूनच काकू पुढे गेल्या. "घरचा काटा घरच्यांचं ऐकतो हो. कुणाचंच नसलेलं एक काहीतरी चौकात असू द्या. माझे वडील बसायचे त्यावर… म्हणून मी म्हणते असंही समजा. ते खरंच आहे. पण नुसतं म्हणून नाही."

म्हणायचं होतं त्याच्या निम्मंच झालं होतं. निम्मं पुरे, असं नवरा म्हणालाच होता.

"उपसूचना आली आहे," अध्यक्ष म्हणाले. "अनुमोदन?"

शांतता.

आणि त्या शांततेत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, काकूंचा उजवा हात डौलात वर गेला, आणि माइकमधून, चारही भिंतींतून, खणखणीत आवाज आला: "अनुमोदन."

असं हसणं त्या सभागृहाने कधी ऐकलं नसेल. सचिवांनी लेखणी खाली ठेवली आणि रुमाल डोळ्यांना लावला. गटनेते बाकावर हात आपटत होते. अध्यक्षांना बोलताच येईना, शेवटी कसंबसं म्हणाले, "काकू… सूचकाला स्वतःचं अनुमोदन चालत नाही हो."

"सवय," काकू म्हणाल्या, आणि त्यांनाही आवरेना. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं.

हळूहळू हसणं ओसरलं. एकेक करून सगळे सावरून बसले, आणि शांतता पुन्हा आली. पहिलीपेक्षा वेगळी. दिवा लालच होता, काकू उभ्याच होत्या, आणि सूचनेच्या पाठीशी अजून कुणी नव्हतं.

तर हे असं असतं, काकूंच्या मनात आलं. मी समजत होते, इथे उभ्या असलेल्या माणसाला थंडी वाजत असेल. इतकी वर्षं धावत होते त्याच्या अंगावर काहीतरी घालायला… आणि ते म्हातारे, ते खरंच घाबरले होते का? की उजवीकडे डावीकडे बघताना त्यांनाही असंच, मोकळं वाटत होतं, आपलं म्हणणं आपण पारड्यात ठेवलं, आता हातात काही उरलं नाही, म्हणून? मी त्यांना थांबूच दिलं नाही. कुणालाच दिलं नाही. बिचाऱ्यांची दांडी जरा हलते न हलते तोच मी आपली बोट लावायला हजर.

मागे कुठेतरी खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. कुणी उठत होतं, की नुसतं पाय मोकळे करत होतं? पूर्वीच्या काकूंनी मान वळवून बघितलं असतं, डोळ्यांनी विनवलंसुद्धा असतं. अध्यक्ष काही बोलायला तोंड उघडत होते.

काकूंनी तळहात आडवा धरला.

"थांबा," त्या म्हणाल्या. कुणाला, ते त्यांनाही नीटसं ठाऊक नव्हतं. मग त्या तशाच, हात खाली सोडून, पुढे बघत उभ्या राहिल्या, आणि थांबायला त्यांना फार बरं वाटत होतं.